प्रबंधातल्या पोस्टींचे संदर्भ आणि झोटेरो

झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची सूची बनवून देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, देवनागरी नीट घेतं आणि वर्डमध्ये बसतं. पुस्तकं नि लेखांसाठी ते खुशाल वापरावं. पोस्टींसाठीही घ्यावं, पण तिथे निम्मं काम हातानंच करायचं आहे हे धरून. नागपुरात पत्रकारिता किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांना एक्स, फेसबुक, इन्स्टा आता टळत नाही, म्हणून हा परिचय तेवढ्यापुरताच.

उदाहरणादाखल नागपूरच्या अंबाझरी तलावाचा पूर घेऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडला, वस्त्यांत पाणी शिरलं, आणि त्या रात्रीचा पहिला पुरावा पोस्टींतच आहे. अशी पोस्ट झोटेरोत घेतली की आधी तिचा प्रकार 'फोरम पोस्ट' करा. 'पोस्ट टाइप'मध्ये पोस्ट, 'फोरम टायटल'मध्ये एक्स. (ट्विटरचं एक्स झालं जुलै २०२३ मध्ये. त्याआधीच्या पोस्टींना कोणतं नाव द्यायचं ते मार्गदर्शकांशी एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.) दुव्यातलं प्रश्नचिन्ह आणि त्यापुढचं शेपूट कापून टाका.

शीर्षकाच्या जागी एपीए या संदर्भलेखनाच्या शैलीच्या ७व्या आवृत्तीप्रमाणे पोस्टचे पहिले २० शब्द, मूळच्या चुकांसकट. हॅशटॅग, दुवा, इमोजी हे प्रत्येकी एक शब्द. शिकागो या दुसऱ्या शैलीची १७वी आवृत्ती १६० अक्षरं म्हणते आणि मराठीत तिथेच घोळ होतो: 'नागपूर' डोळ्यांना चार अक्षरं, वर्ड मोजतं सहा, कारण काना आणि ऊकार वेगळे धरले जातात. विभागानं निवड तुमच्यावर सोडली असेल तर सरळ एपीए घ्या.

तारखेवर भरवसा नको. पहाटे साडेतीनची पोस्ट आपल्याकडे २३ तारखेची, जागतिक वेळेनं मात्र २२ च्या रात्री दहाची. वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहाच्या दुव्यातले १४ अंकही जागतिक वेळच सांगतात. त्या रात्री जतन झालेल्या प्रतीवर २२ दिसली तर दचकू नका. प्रबंधात २३ लिहा आणि सगळ्या वेळा भारतीय आहेत असं संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एकदाच नोंदवा.

खरी उणीव लेखकाच्या रकान्यात आहे. एपीएला नावापुढे चौकटी कंसात @सह खातं लागतं आणि झोटेरोत त्याला वेगळी जागाच नाही. नाव नि खातं मिळून एकाच रकान्यात भरलं की संदर्भसूची बरोबर येते, पण मजकुरातल्या कंसातही खातं घुसतं, जे नको असतं. उपाय: नाव वाक्यात स्वतः लिहायचं आणि संदर्भ घालताना 'ऑमिट ऑथर'वर खूण करायची. शंभर पोस्टी असतील तर जीव मेटाकुटीला येतो.

झोटेरोत पानाची प्रत आपोआप साठते ही सोय मोठी, पण ती उघडून बघाच. फेसबुक आणि इन्स्टाच्या बाबतीत कित्येकदा पोस्टऐवजी लॉगिनचं पानच साठलेलं असतं. स्क्रीनशॉट काढून नोंदीला जोडा. फुकटची ३०० एमबी जागा फक्त ऑनलाइन ठेवलेल्या फायलींसाठी आहे, स्वतःच्या संगणकावर मर्यादा नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला निरोप झोटेरोत भरायचाच नाही. वाचकाला तो उघडून पाहता येत नाही, म्हणून एपीएत तो खासगी संवाद ठरतो: उल्लेख मजकुरात, सूचीत नाही.

राहिलं टायपिंग. सीताबर्डीवर डीटीपीच्या दुकानात दिलेला प्रबंध अजूनही पुष्कळदा कृती देवमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या जुन्या टंकात, बसवला जातो. झोटेरो युनिकोडमध्ये लिहितं. सगळा मजकूर निवडून कृती देव लावला की इंग्रजी लिपीतले दुवे आणि खात्यांची नावं अगम्य देवनागरी होऊन बसतात. तेव्हा मूळ फाइल घरीच ठेवा, तिची प्रत काढून त्यात 'अनलिंक सायटेशन्स' दाबा, आणि संदर्भसूचीला हात लावायचा नाही असं दुकानात बजावून सांगा. तिरपा टाइपही तिथेच बघून घ्या. देवनागरी तिरपी केली की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर कलतात.