ट्युनिसमधली बायकांच्या चळवळीवरची वॉकिंग टूर - ५ पैकी ४

ट्युनिसला, म्हणजे ट्युनिशियाच्या राजधानीला, जाणार असाल तर ही अर्ध्या दिवसाची टूर नक्की करा, नेहमीच्या कार्थेज-सिदी बू सईदच्या फोटोबाजीपेक्षा खूप जास्त हाती लागतं. गाइड स्वतः वकील आहे, चळवळीतली आहे आणि बोलायला एकदम फटकळ.

सुरुवात अव्हेन्यू हबीब बुर्गिबावर, देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष बुर्गिबा, त्याच्या घोड्यावरच्या पुतळ्यापाशी. त्याच्यानंतरचा हुकूमशहा बेन अली, त्याने हा पुतळा इथून हलवला होता, २०१६ ला परत आणला. बुर्गिबाने १९५६ मध्ये कायदा करून बहुपत्नीत्व बंद केलं, तोंडी तलाक बंद केला, घटस्फोट कोर्टातूनच. मला वाटलं आता अर्धा तास आरती ऐकायची, पण बाईंनी सरळ सांगितलं की बुर्गिबाने कायदा दिला आणि वर बजावलं, आता गप्प बसा, बायकांचं काय ते सरकारी महिला संघटना बघेल. ज्यांना असं गप्प बसायचं नव्हतं त्या सत्तरच्या दशकाच्या शेवटी मदिनेतल्या (म्हणजे ट्युनिसच्या जुन्या शहरातल्या) ताहर हद्दाद क्लबमध्ये जमायला लागल्या, आणि त्यातूनच पुढे 'डेमोक्रॅटिक विमेन'वाली संघटना उभी राहिली जिला मान्यता मिळाली १९८९ ला, बेन अलीच्या काळात, म्हणजे युरोपला दाखवायला बायकांचे हक्क आणि इकडे त्याच बायकांच्या मीटिंगच्या दाराशी पोलीस.

पुतळ्यापासून थोडं चाललं की गृहमंत्रालय. १४ जानेवारी २०११ ला लोक इथेच बेन अलीला 'देगाज', म्हणजे 'चालता हो', ओरडत उभे होते. इथे बाईंनी फोन काढून १३ ऑगस्ट २०१२ च्या मोर्चाचे फोटो दाखवले. एन्नाहदा या इस्लामवादी पक्षाचं सरकार होतं, घटनेच्या मसुद्यात बाईला कुटुंबात पुरुषाची 'पूरक' म्हटलं होतं, त्यावर रस्ते भरले आणि ते कलम गेलं. २०१४ च्या घटनेत समान हक्क आले, ४६ व्या कलमात तर निवडून येणाऱ्या सभागृहांत निम्म्या बायका असाव्यात म्हणून सरकार प्रयत्न करेल असंही आलं. आवडलेली गोष्ट म्हणजे २०११ च्या निवडणुकीत एक पुरुष एक बाई अशा याद्यांचा नियम होता आणि त्यातून सगळ्यात जास्त बायका निवडून आल्या त्या एन्नाहदाच्याच, हे तिने लपवलं नाही.

पुढचं सगळं चालता चालता. २०१७ चा हिंसाविरोधी कायदा, त्याच वर्षी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी समान हक्कांवर नेमलेली समिती, वारसाहक्कात समान वाट्याचं बिल, २०१९ ला एसेब्सी वारले आणि बिल तिथेच राहिलं. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सईद यांना समान वाटा मान्यच नाही. २०२१ ला त्यांनी संसद गोठवली, काही आठवड्यांनी पहिली महिला पंतप्रधान नेमली आणि २०२२ च्या निवडणूक कायद्यातून त्या याद्यांचा नियमच काढून टाकला! एसेब्सींच्या त्या समितीच्या अध्यक्ष बोश्रा बेलहाज हमीदा, त्यांना २०२५ मध्ये सरकारविरोधी कटाच्या खटल्यात गैरहजेरीत शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या 'डेमोक्रॅटिक विमेन'वाल्या संघटनेचं काम महिनाभर बंद ठेवायचा आदेश आला, हे मात्र बाईंनी रस्त्यावर सांगितलं नाही, मदिनेतल्या कॅफेत आत बसल्यावर, आवाज खाली करून.

आता एक स्टार का कापला. १९८१ च्या १०८ नंबरच्या परिपत्रकाने सरकारी ऑफिसांत आणि शाळांत हिजाबला बंदी होती, बेन अलीच्या काळात त्यावरून डोकं झाकणाऱ्या बायकांना खूप त्रास झाला. तेव्हा सेक्युलर बायका काय म्हणत होत्या असं मी विचारलं तर 'तो वेगळा विषय आहे' म्हणून पुढे चालायला लागली. अहो वेगळा कसा, हाच तर विषय आहे, सरकार नावडत्या बायकांच्या मागे लागलेलं असताना आपण कुठे उभं राहायचं हा. शेतावर मजुरीला उघड्या ट्रकमधून जाणाऱ्या बायकांबद्दल तर अवाक्षर नाही, आणि वर गालिच्याच्या दुकानात बराच वेळ घालवला ज्याचा कशाशी काही संबंध नव्हता.

बाकी टूर फ्रेंच किंवा इंग्लिशमध्ये, पैसे रोख दिनारमध्येच. गृहमंत्रालयाचा फोटो चुकूनही काढू नका. ग्रुप लहान असेल तेव्हाच जा आणि हिजाबचा प्रश्न कॅफेत बसल्यावर विचारा, मी भर रस्त्यात विचारला होता.