रंगवही की हस्तकला? मुलांना विज्ञानाची गोडी लावताना

मुलाला विज्ञानाची गोडी लागावी असे वाटणाऱ्या पालकांपुढे साधारणतः दोन पर्याय असतात. एक म्हणजे विज्ञानचित्रांची रंगवही आणून देणे आणि दुसरा म्हणजे पुठ्ठा, कात्री व डिंक घेऊन मुलासोबत काहीतरी घडवायला बसणे. दोन्हींत मूल रमते, परंतु दोन्हींतून त्याच्या पदरी पडणारे सारखे नसते.

रंगवण्यातून नजर घडते. मुंगीला सहा पाय असतात आणि ते सगळे शरीराच्या मधल्या भागालाच जोडलेले असतात, हे एकेक पाय रंगवणाऱ्या मुलाच्या ध्यानात आपसूक येते. गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याची चित्रे काढली आणि छाया-प्रकाशाच्या आकारांवरून तेथे डोंगर असल्याचे ओळखले. मात्र त्याच्यासमोर खरा चंद्र होता. छापील रंगवहीत पाहण्याचे काम दुसऱ्याच कुणीतरी आधीच उरकलेले असते, आणि त्या चित्रातच कोळ्याला आठांऐवजी सहा पाय काढलेले असतील तर मूल तीच चूक मन लावून गिरवते. म्हणून रंगवही आणलीच, तर झाडाचे खरे पान शेजारी ठेवून त्याच्या शिरा पाहत रंगवायला सांगावे. रंग रेषेबाहेर गेला, तर त्यावरून मुलाला बोलू नये.

हस्तकलेचे बळ वेगळे आहे, आणि माझ्या मते ते अधिक मोलाचे आहे. पृथ्वी म्हणून चार सेंटिमीटर व्यासाचा मातीचा गोळा केला, तर चंद्र साधारण एक सेंटिमीटरचा होतो. तो कुठे ठेवायचा असे विचारले, की बहुतेक मुले वीतभर अंतरावर ठेवतात. प्रत्यक्षात त्याची जागा सुमारे एक मीटर वीस सेंटिमीटर दूर असते. हे अंतर मोजून चंद्र तिथे नेऊन ठेवताना जे उमगते, ते पुस्तकाच्या पानावर मावत नाही. उंचावरून सोडल्यावर गरगरत खाली येणाऱ्या कागदी भिरभिऱ्याचेही तसेच आहे: पाती आखूड केली की ते लवकर खाली येते, आणि असे का होते हा प्रश्न मुलाच्याच तोंडून निघतो. अर्थात हस्तकलेला वेळ लागतो, पसारा होतो, कात्रीमुळे मोठ्यांना जवळ बसावे लागते आणि नीटनेटकेपणाच्या हौसेपायी त्यांनीच सगळे कापून-चिकटवून दिले, तर मुलाच्या हाती केवळ एक शोभेची वस्तू उरते.

मूल अगदी लहान असेल किंवा हाताशी पंधरा-वीस मिनिटेच असतील, तर रंगवणे योग्य ठरते. पाच-सहा वर्षांपुढील मुलासाठी मात्र मी हस्तकलेचीच शिफारस करीन. दोन्ही एकत्र हवे असल्यास न्यूटनची तबकडी करून पाहावी. पुठ्ठ्याच्या चकतीवर सात रंग भरून ती वेगाने फिरवली, की रंग एकमेकांत मिसळून फिकट, करडसर पांढरा रंग दिसतो. तो शुभ्र का दिसत नाही, असे मुलाने विचारले, तर रंगपेटीतले रंग इंद्रधनुष्यातल्या रंगांइतके शुद्ध नसतात आणि स्वतःवर पडणाऱ्या प्रकाशाचा बराचसा भाग शोषून घेतात, हे त्याला तिथेच समजावून सांगता येते.