स्वखर्चानं पुस्तक काढलं, त्याला अकरा महिने झाले

"भाऊ, पुस्तक काढायले किती लागते?" महिन्यातून एक तरी माणूस दुकानात येऊन हे विचारतो. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. माझं पुस्तक २६ जानेवारी २०२५ ला आलं, आता डिसेंबर लागला. एवढे दिवस मीच लेखक, मीच प्रकाशक आणि मीच हमाल.

दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. पुस्तक कापूस खरेदी केंद्राच्या आठवणींचं. १९७२ साली सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. लहानपणी बाबांसोबत बैलबंडीवर बसून त्या केंद्रावर मी कितीतरी रात्री रांगेत काढल्या. दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडरनं कापसात हात घातला की बाबांचा चेहरा कसा व्हायचा, चुकाऱ्यासाठी, म्हणजे कापसाच्या पैशासाठी, किती चकरा, असं सगळं. १४४ पानं, किंमत २०० रुपये.

सुरुवात फसगतीनं झाली. मोबाइलवर जाहिरात पाहून एका कंपनीला फोन केला. पॅकेज ३५,००० रुपयांचं. त्यात लेखकाला प्रती मिळणार २५, बाकी "जगभर उपलब्ध". मी ३,००० रुपये बयाणा भरला. मग कळलं की जास्तीची प्रत हवी असेल तर मलाच ती विकत घ्यावी लागेल, आणि किंमतही तेच ठरवणार. बयाणा सोडला. त्या पॅकेजमधली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून जो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सांगत होते, तो सरकार फुकट देतं. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर स्वतःच्या नावानं, लेखक-प्रकाशक म्हणून, अर्ज करता येतो. मला तीन आठवड्यांत आकडा मिळाला. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथूनच उठा.

मजकूर मी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिला होता, अर्धा तर बोलून टाइप केलेला. प्रेसवाल्याचा अक्षरजुळणी करणारा पोरगा मात्र श्री-लिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात, काम करणारा. त्यानं मजकूर युनिकोडमधून त्या फॉन्टात फिरवला आणि सगळ्या पुस्तकातला 'ऱ्ह' मेला. आता पुस्तक कापसाचं. त्यात 'पऱ्हाटी' हा शब्द पानापानावर. पहिल्या प्रुफात सगळीकडे 'पर्हाटी'! वऱ्हाडचं 'वर्हाड' झालं, ते वेगळंच. मी फोन केला तर पोरगा म्हणे, "काका, वाचता तर येते ना?"

वाचता येतं रे बाप्पा. पण ज्या झाडावर आमचं घर चाललं त्याचं नाव तरी नीट छापून दे. तिसऱ्या प्रुफापर्यंत मी एकेक शब्द लाल पेनानं पकडला, तरी चार सुटलेच. पान ८७ उघडायची हिंमत अजून होत नाही. मुद्रितशोधनाला मी पानामागे २० रुपये दिले, २,८८० झाले. त्या माणसानं ऱ्हस्व-दीर्घ चोख काढलं, पण पऱ्हाटी त्याच्या नजरेतून सुटली, कारण तो गावाकडचा नाही. म्हणून एक प्रुफ तरी आपल्या भागातल्या माणसानं वाचलेलं पाहिजे, मग तो दहावी नापास का असेना.

पानांचं गणितही उशिरा समजलं. ऑफसेटवर पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापतात. माझी पानं १४७ भरली होती. तीन पानांसाठी दहावा फॉर्म लावायचा आणि तेरा पानं कोरी सोडायची, किंवा तीन पानं कापायची. मी मनोगत कापलं. कुणाला त्याची उणीव जाणवली नाही, बायकोला तर आनंदच झाला. नऊ फॉर्म, डेमी आकार, ७० जीएसएम मॅप्लिथो कागद, मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन. जुळणीचे ७,२००, मुखपृष्ठाचे २,५००, आणि छपाई-बांधणी प्रतीमागे ६२ रुपये. सगळं मिळून ४३,५८० रुपये गेले.

आता सगळ्यात मोठी चूक: पाचशे प्रती. प्रेसवाला सांगतो की कितीही छापा, प्लेटचा खर्च तोच, मग पाचशे घ्या, स्वस्त पडतं. प्रतीमागे पडतंही. पण आपल्याला छापायचं स्वस्त पडून काय करायचं, खपलं पाहिजे ना. डिजिटलवर, म्हणजे प्लेटशिवाय, दोनशे काढल्या असत्या तर प्रत ९५ रुपयांनी पडली असती, पण छपाई १९,००० तच भागली असती आणि पहिल्या खेपेतली पऱ्हाटी दुरुस्त करून दुसरी खेप काढता आली असती. आज माझ्याकडे ११२ प्रती पडून आहेत. जुलैत पलंगाखाली ओल धरून मुखपृष्ठं पापडासारखी वळली. मग गठ्ठे दुकानाच्या गोदामात हलवले, तर पुण्याच्या एका वाचकानं कळवलं, "पुस्तक आवडलं, पण फवारणीच्या औषधाचा वास येतो." विषयाला धरूनच आहे म्हणा.

प्रकाशन सोहळ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जिल्ह्याच्या गावी हॉल घ्या, पाहुणे बोलवा, असं सगळे सांगत होते. मी २६ जानेवारीला गावच्या जिल्हा परिषद शाळेत झेंडावंदनानंतरची वेळ मागून घेतली. गाव आधीच जमलेलं असतं, माईक लावलेला असतो, लोक नवे कपडे घालून आलेले असतात. मांडव, तर्री-पोहे, चहा, शाल-श्रीफळ मिळून ६,८०० रुपये लागले. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले आणि त्यात दोनदा माझ्या "कवितासंग्रहाचं" कौतुक केलं. पुस्तकात एकही कविता नाही. तरी त्या दिवशी १५० रुपयांच्या सवलतीत ७४ प्रती गेल्या. जानेवारीत कापसाचे पैसे हाती आलेले असतात, हे त्यातलं खरं कारण.

हंगामाचं हे गणित शहरातला कुठलाच सल्लागार सांगत नाही. जूनमध्ये मी काउंटरवर बियाण्याच्या पाकिटांशेजारी पुस्तकं मांडून बसलो, अख्ख्या महिन्यात दोन गेली. पेरणीच्या दिवसात माणूस एकेक रुपया मोजून बियाणं घेतो, त्याला पुस्तक दाखवणंसुद्धा चुकीचंच. सोयाबीन घरात आलं की विक्री हलेल असं वाटत होतं, पण यंदा पावसानं सोयाबीन खाल्लं. तरी अकरा महिन्यांत काउंटरवरून आणि हातोहात ७६ प्रती गेल्या. त्यातल्या चौदा उधारीत. हो, पुस्तकसुद्धा उधारीत जातं. आणि गंमत म्हणजे जीएसटीच्या बाबतीत छापील पुस्तक आणि पेरणीचं बियाणं सारखंच, दोन्हीवर शून्य. त्यामुळे बिलात दोन्ही एकाखाली एक लिहिताना मला काही अडचण आली नाही.

पोस्टानं ५३ प्रती गेल्या, घरपोच २०० रुपयांत. सुरुवातीला रजिस्टरचा खर्च जवळपास ५० रुपये पडायचा, म्हणजे चौथाई किंमत टपालातच. १ मे २०२५ पासून पोस्टानं 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. माझं पुस्तक वेष्टनासकट त्यात बसतं, आणि कुठवर पोचलं ते मोबाइलवर दिसतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं, ते विसरू नका. आमच्या पोस्टात पहिल्यांदा गेलो तर तिथल्या भाऊंनाच ही सेवा माहीत नव्हती. आता मला पाहिलं की विचारतात, "आज कोणत्या गावाले?"

पोस्टावरून आठवलं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं एकेक प्रत द्यावी लागते. हे मला प्रेसवाल्यानं सांगितलं नाही, एका निवृत्त ग्रंथपालानं सांगितलं. भेट म्हणून एकूण ६१ प्रती वाटल्या. ह्या चार सोडल्या तर बाकी वाटल्याचा पस्तावाच आहे. फुकट घेतलेलं पुस्तक कुणी वाचत नाही. ज्या साहेबांना सही करून दिलं त्यांच्या टेबलावर ते पुढच्या खेपेला चहाच्या कपाखाली होतं.

वाचनालयांबद्दल तक्रार करणार होतो, पण करणार नाही. तालुक्यातल्या आणि शेजारच्या नऊ वाचनालयांनी २५ टक्के सवलतीत ४६ प्रती घेतल्या. पैसे चार महिन्यांनी आले, त्यांचं अनुदान आल्यावर. पण आले, सगळे आले. रीतसर बिल आणि पोचपावती मात्र ठेवा. याउलट दोन शहरांतल्या दोन दुकानांत ४० टक्के कमिशनवर ४० प्रती ठेवल्या, त्यांचा अजून हिशेबच नाही. फोन केला की "सेठ बाहेर आहेत." सेठ अकरा महिने बाहेरच आहेत. किंडलवरही टाकलं, तिथं मराठी चालतं आणि खर्च काही नाही. नऊ गेली. त्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरा आनंद दिला तो नागपूरच्या दीक्षाभूमीनं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथं पुस्तकांची किती दुकानं लागतात आणि लोक कशी पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात, हे ऐकून होतो. २ ऑक्टोबरला दसरा होता. एका ओळखीच्या विक्रेत्यानं त्याच्या टेबलाचा एक कोपरा मला दिला. माझं पुस्तक काही चळवळीचं नाही, म्हणून संकोच वाटत होता. पण तिथला ग्राहक वेगळाच. मुखपृष्ठ पाहून घेत नाही, उभ्या उभ्या पानभर वाचतो, मग किंमत विचारतो. नांदेडकडच्या एक बाई आल्या, पायात स्लीपर, डोक्यावर गाठोडं. चुकाऱ्याच्या प्रकरणाचं पहिलं पान मुलाकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडंबी असंच व्हतं." दोन प्रती घेतल्या, एक भावासाठी. दोन दिवसांत ३८ गेल्या. संमेलनाचे मांडव मी पाहिले आहेत, तिथं पुस्तकं हाताळणारे जास्त आणि घेणारे कमी. इथं उलटं. पुढच्या वर्षी टेबल स्वतःच्या नावानं मागणार आहे.

एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. पण तिथं हस्तलिखित पाठवायचं असतं. मला कळलं तेव्हा पाचशे प्रती छापून पलंगाखाली होत्या.

आता हिशेब, कारण शेवटी सगळे तोच विचारतात. खर्च बुडालेल्या बयाण्यासकट ५३,३८०. विकल्या २८७ प्रती, त्यांचे उधारी सोडून हातात आले ४३,६००. टपालाचा खर्च धरला तर अजून साडेअकरा हजारांच्या आसपास खड्ड्यात आहे. दुकानांतल्या चाळीस मी गेल्यातच धरतो. पाचपैकी किती गुण, असं पोरानं विचारलं. छपाईला दोन, ज्ञान पोस्टाला साडेचार, दीक्षाभूमीला पाच म्हटलं. मला किती, ते त्यानं विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक कास्तकार उधारी फेडायला आला. खताचे दिले, पुस्तकाचेही १५० दिले. मग म्हणे, "एक अजून द्या. माहं पुस्तक सोयऱ्यानं नेलं, तो काही देत नाही आता." पैसे सरले होते त्याचे. मी वही काढली आणि त्याच्या नावावर लिहिलं: युरिया दोन, पुस्तक एक.