डिझेल फोर बाय फोर घेताय? कोणतं इंजिन कसं बिघडतं ते आधी पाहा

जुनी डिझेल फोर बाय फोर बघायला गेलो की मी लगेच इंजिन सुरू करत नाही. एअर फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडे (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे) जाणारा पाइप सोडवतो आणि आतून बोट फिरवतो. बोट स्वच्छ किंवा जरासं तेलकट निघालं तर पुढची पाहणी. पावडरीसारखी बारीक धूळ लागली, तर मीटर ऐंशी हजार दाखवत असलं तरी मी बॉनेट लावून परत येतो. फिल्टरच्या पलीकडे धूळ गेली म्हणजे सिलेंडरमध्ये पॉलिश पेपर फिरला. रिंगा झिजल्या, बोअर गेला, आता फक्त वेळेचा प्रश्न.

मीटरवरचा आकडा म्हणूनच मला फारसा सांगत नाही. दहा-पंधरा वर्षं ठेवायची गाडी निवडताना मी तीन गोष्टी विचारतो. हे इंजिन बिघडताना आधी सांगतं का? एक भाग गेला तर सोबत आणखी काय घेऊन जातं? आणि जिथे बंद पडेल तिथे ते उघडता येईल का? या तीन प्रश्नांवर डिझेल इंजिनांच्या तीन पिढ्या शेजारी शेजारी ठेवल्या की निवड बरीच सोपी होते.

यांत्रिक पंपाची पिढी

टोयोटाचं १एचझेड आणि निसानचं टीडी४२ ही या पिढीची दोन मोठी नावं. दोन्ही ४.२ लिटर, सहा सिलेंडर एका रांगेत, ब्लॉकही लोखंडी आणि त्यावर बसणारं हेडही लोखंडी. इंधन थेट सिलेंडरमध्ये जात नाही, आधी छोट्या प्रीचेंबरमध्ये पेटतं. १एचझेड १९९० मध्ये आलं आणि लँड क्रूझर ७० मध्ये काही देशांत आजही मिळतं. दुर्गम भागांत काम करणाऱ्या मदतसंस्थांच्या ताफ्यात तेच दिसतं. त्याला सल्फर जास्त असलेलं, हलक्या प्रतीचं डिझेल चालतं, आणि पंपावरच्या सोलेनॉइडला एक वायर मिळाली की ते धावतं. बाकी सगळी इलेक्ट्रिक यंत्रणा मेली तरी धक्का मारून गाडी घरी आणता येते.

दोघांत मोठा फरक टायमिंगचा, म्हणजे झडपा आणि पिस्टन यांचा ताल राखणाऱ्या जोडणीचा. टीडी४२ मध्ये गिअर आहेत, त्यांना आयुष्यभर विसरलात तरी चालतं. १एचझेडमध्ये बेल्ट आहे. लाख किलोमीटरच्या आसपास डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. जुन्या मालकाने बेल्ट न बदलता नुसता तो दिवा घालवलेला असू शकतो, म्हणून बेल्ट बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. बेल्ट तुटला की झडपा पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट वेळेवर बदलणाऱ्याच्या हाती दोन्ही इंजिनं सारखीच चिवट. मला विचाराल तर टीडी४२ अंगाने अर्धा पाऊल पुढे, आणि सुटे भाग मिळण्यात १एचझेड दोन पावलं पुढे.

ही इंजिनं मरतात ती हळूहळू. सकाळी सुरू व्हायला वेळ लागू लागतो, चढाला धूर वाढतो, ऑइल कमी होऊ लागतं. दोन-तीन वर्षं तक्रार करून मग काम काढतात. पण ओढ बेताचीच. १९ व्या शतकातल्या आगगाडीच्या इंजिनासारखी गाडी घाटात स्वतःच्या वेगाने चढते, मागे रांग लागते, आणि डिझेल पिण्यातही हात आखडत नाही. म्हणून लोक १एचझेडला बाहेरून टर्बो बसवतात. इंधन बेताने वाढवून, एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर लावून केलं तर टिकतं. तरुण मेकॅनिकने पंपाचा स्क्रू फिरवून 'पिकअप काढून दिला' असेल, तर प्रीचेंबरला आणि पिस्टनला तडे जायची वाट बघायची. जे इंजिन टर्बोशिवाय बनलं, त्याच्या अंगावर टर्बो दिसला की मी किंमत विचारायच्या आधी पंपाच्या स्क्रूवरचं कंपनीचं सील शाबूत आहे का ते बघतो.

टर्बो हवाच असेल तर त्याच घराण्यातलं १एचडी बघा. सुरुवातीच्या १एचडी-टी मध्ये बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे जोडतो तिथली) वेळेआधी जायची, त्यामुळे जाणते मालक ती आवाज यायच्या आधीच बदलून टाकतात. हे काम चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) उतरवून खालून होतं, इंजिन बाहेर काढावं लागत नाही. पुढचं चोवीस झडपांचं १एचडी-एफटी, आणि १९९८ पासूनचं १एचडी-एफटीई ही मला या सगळ्या यादीतली सर्वात समतोल इंजिनं वाटतात. एफटीईच्या पंपाला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे, पण कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीचा) प्रचंड दाब नाही. ओढही आहे आणि आयुष्यही. अडचण एकच: चांगलं एफटीई ज्याच्याकडे आहे तो विकत नाही.

मधली पिढी: इथे डोळे उघडे ठेवा

साधारण १९९८ ते २०१० हा काळ डिझेलवाल्यांसाठी शिकाऊ होता. कॉमन रेल मोटारींमध्ये १९९७ मध्ये आलं. कंपन्यांनी ताकद वाढवली, धूर कमी केला, आणि पहिल्या ग्राहकांवर प्रयोग झाले. या पिढीत एकाच कंपनीचं एक इंजिन उत्तम आणि त्याच्या शेजारचं डोकेदुखी, असं सर्रास दिसतं.

इसुझूचंच घ्या. ट्रूपरमधल्या ४जेएक्स१ मध्ये डिझेल फवारणारे नोझल इंजिन ऑइलच्याच दाबावर चालायचे. कल्पना हुशार, पण ओ-रिंग कडक झाल्या की ऑइल आणि डिझेल एकमेकांत मिसळायचं, आणि ऑइलची प्रत जरा घसरली की नोझल रुसायचे. त्यानंतरचं तीन लिटरचं ४जेजे१ मात्र साध्या कॉमन रेलचं, लोखंडी ब्लॉकचं, ट्रकच्या संस्कारातलं. नाव आणि आकार जवळचे, स्वभाव पूर्ण वेगळा. निसानच्या झेडडी३० ची कथाही अशीच. हे डिझेल इंजिन ज्यात आलं त्या निसान 'पॅट्रोल' गाडीत (या नावाचा आणि पेट्रोल इंधनाचा मराठीत कायम घोळ होतो) पहिल्या काही वर्षांत पिस्टन वितळण्याचे इतके प्रकार झाले, की टीडी४२ वाले आजही त्यावरून चिडवतात. मित्सुबिशी पजेरोचं ३.२ लिटर ४एम४१ त्या मानाने भरवशाचं, फक्त थंड असताना सुरू केल्यावर पुढून चेनची खडखड येते का ते ऐका. चेन म्हणजे आयुष्यभराची सोय असं विक्रेते सांगतात. ताणलेल्या चेनचा आणि झिजलेल्या गाइडचा खर्च बेल्टच्या कैक पट येतो, हे ते सांगत नाहीत.

लँड रोव्हरमध्ये निवड ३००टीडीआय आणि टीडी५ यांच्यात पडते. ३००टीडीआय यांत्रिक, उघडायला सोपं. सुरुवातीच्या गाड्यांत बेल्ट तिरका चालून झिजायचा, त्यासाठी दुरुस्तीचा संच निघाला होता, तो बसला आहे का ते विचारा. पाच सिलेंडरच्या टीडी५ मध्ये चेन आणि युनिट इंजेक्टर, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा पंप असलेला नोझल. इंजिन अंगाने दणकट, पण इंजेक्टरच्या आतल्या वायरिंगमधून ऑइल तारेच्या आतून झिरपत थेट कंप्युटरपर्यंत जातं. डिफेंडरमध्ये पुढच्या सीटखालचा कंप्युटर उघडून त्याचा लाल प्लग काढा. आत ऑइल चकाकत असेल तर गाडीच्या मिसिंगचं कारण सापडलं. वायरिंगचा एक तुकडा बदलून आणि प्लग धुऊन काम भागतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. भाव पाडायला मात्र चांगलं कारण आहे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते टोयोटाच्या १केडी मध्ये, म्हणजे प्राडो, हायलक्स आणि फॉर्च्युनरमधल्या तीन लिटर डी-४डी मध्ये. हे इंजिन वाईट मुळीच नाही. लाखो चालले, चालताहेत. पण नोझलखालचे तांब्याचे सील हा त्याचा दुखरा भाग. सील सुटलं की जळलेला वायू टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली) शिरतो, ऑइलची काजळी होते, ती खाली चेंबरमध्ये जाऊन ऑइल पंपाच्या जाळीवर थर धरते. जाळी बंद झाली की आधी टर्बो कोरडा पडतो, मग बेअरिंग. वरच्या चार छोट्या वॉशरमुळे खालचं अख्खं इंजिन जातं. म्हणून १केडी घेताना मी नुसता आवाज ऐकून थांबत नाही. चेंबर उतरवून जाळी दाखवायला सांगतो. विकणारा नाराज होतो, पण अर्ध्या दिवसात सगळं कळतं: जाळीची भोकं मोकळी दिसली आणि सील बदलल्याचा कागद असला, तर १केडी ही या पिढीतली समजूतदार खरेदी आहे. टायमिंगला बेल्ट आहे, तोही हिशोबात धरा.

याच पिढीपासून इंधनातल्या पाण्याला माफी संपली. कॉमन रेलच्या नोझलमधलं अंतर काही मायक्रॉनचं आणि दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे. १एचझेडने खोकून पचवलेलं पाणी इथे नोझल आणि पंप दोन्ही खातं. आणि पंप गेला तर कसा जातो, हेही पंपागणिक वेगळं. अमेरिकी पिकअपमध्ये बॉशचे सीपी३ आणि सीपी४ हे दोन पंप वापरले गेले. सीपी३ बहुतेकदा झिजत, दाब कमी करत जातो. सीपी४ मधला रोलर तिरका झाला की कॅमवर घासून धातूचा बारीक चुरा होतो, आणि तो रेल, नोझल, परतीची नळी असं करत टाकीपर्यंत पसरतो. मग पंप नव्हे, सगळी इंधनव्यवस्थाच बदलावी लागते. जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स एलएमएल इंजिनाला सीपी४ होता, पुढच्या इंजिनात कंपनीने डेन्सोचा पंप घेतला. गाडी कोणतीही असो, पंप कोणता हे विचारण्यात कमीपणा नाही.

डीपीएफची पिढी

आजच्या इंजिनाचा गाभा खरं तर मागच्यापेक्षा सरस आहे. टोयोटाचं २.८ लिटर १जीडी २०१५ मध्ये आलं ते चेन घेऊन, आणि १केडीपेक्षा जास्त ओढ घेऊन. त्रास गाभ्याला लटकवलेल्या सामानाचा: ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी), सेन्सर. डीपीएफमध्ये साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळावी लागते. त्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं आणि गाडी काही वेळ सलग चालावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद करणाऱ्याचं हे जळणं दर वेळी अर्धवट तुटतं, आणि न जळलेलं डिझेल रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये येतं. ऑइलची काडी काढून पाहा. पातळी महिन्याभरात *वाढलेली* दिसली आणि काडीला डिझेलचा वास आला, तर आनंद मानू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांचं रक्षण करत नाही.

मात्र सगळा दोष शहरातल्या वापराचा, असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये फेडरल कोर्टाने २०१५ ते २०२० मधल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरची डीपीएफ व्यवस्था सदोष ठरवली. तिथली तक्रार होती ती हायवेवर सलग वेगाने चालवताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराची. या काळातली गाडी घेताना काजळी हाताने जाळायचं बटण आहे का आणि डीपीएफचं काम झालं आहे का, एवढं पाहा. इंजिनाच्या आयुष्याला त्या प्रकरणाने बट्टा लागलेला नाही.

उष्णता, आणि माझी एक चूक

पिढी कोणतीही असो, हेडला मारते ती उष्णता. टोयोटाचं १केझेड-टीई हेडला तडे जाण्यासाठी बदनाम आहे: ॲल्युमिनियमचं हेड, जड गाडी, आणि मागे ट्रेलर. माझ्या स्वतःच्या एका गाडीचं हेड गेलं, तेव्हा मी महिनाभर थर्मोस्टॅट, वॉटर पंप, फॅनचं कपलिंग बदलत बसलो होतो. रेडिएटर समोरून आरशासारखा स्वच्छ. शेवटी एसीचा कंडेन्सर उतरवला, तर दोघांच्या मधे वाळलेल्या चिखलाची बोटभर जाड भिंत. नदीनाले ओलांडून आल्यावर मी समोरून पाणी मारायचो आणि चिखल आणखी आत ढकलायचो. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं असतं, हे मला एका हेडच्या किमतीत कळलं.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, इंजिन थंड ठेवा. रात्रभर उभ्या गाडीचा रेडिएटरचा वरचा होज दाबा. तेव्हाही कडक लागला तर हेडमधून दाब कुलंटमध्ये जातोय. मग सुरू करा, ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा गेल्या.

मग घ्यायचं कोणतं

वर्कशॉप दोन दिवसांच्या अंतरावर आणि डिझेल ड्रमातून, असा वापर असेल तर १एचझेड किंवा टीडी४२. वेगाचा मोह सोडा. लांबचे हायवे, अधूनमधून कच्चे रस्ते आणि जवळ स्कॅनर असलेलं गॅरेज असेल तर ४जेजे१, किंवा नव्यात १जीडी. इंधनाच्या फिल्टरची मुदत कंपनी सांगते त्याच्या निम्म्यावर आणा आणि ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घाला. हातात कौशल्य आहे, शनिवार-रविवार गाडीखाली झोपायची हौस आहे, तर टीडी५ किंवा १एचडी-टी मजा देतील. जाळी दाखवायला तयार असलेल्या मालकाचं १केडी चौथ्या क्रमांकावर, पण अनेकांच्या खिशाला तेच बसेल.

आणि रोजचा वापर घर ते ऑफिस पाच किलोमीटर, डोंगर वर्षातून दोनदा, असं असेल तर पेट्रोलची फोर बाय फोर बघा. डिझेलचा मीच इतका भक्त असून सांगतोय.