बाटली उचलताना आधी तारीख बघा: इंदूरची बिअर, देशभरची आणि आयात केलेली

एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात आहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाल्या, तशी आमची बैठक गच्चीवर आली. यंदा मार्चपासून आम्ही तिघांनी एक नियम पाळला: दर शनिवारी दोन वेगळ्या बिअर, सारख्याच ग्लासात, शेजारी शेजारी.

स्ट्राँग, म्हणजे जास्त अल्कोहोलच्या बिअरचं थोडक्यात सांगतो. इथल्या माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजची माउंट्स ६०००, सोमची हंटर आणि किंगफिशर स्ट्राँग डोळे मिटून प्यायलो, एकालाही ओळखता आल्या नाहीत. बर्फासारख्या गार असताना तिन्ही सारख्याच लागतात. गारवा उतरला की गोडवा आणि अल्कोहोल वर येतो. घरच्या पाण्याइतकाच विश्वास ठेवून स्थानिक घ्या.

खरा फरक कळला तो लागरमध्ये, म्हणजे फिक्या सोनेरी, हलक्या बिअरमध्ये. मे महिन्यात हिरव्या बाटलीतली एक युरोपी लागर आणली. किंमत चांगलीच होती. झाकण उघडलं आणि सडक्या कांद्यासारखा वास आला. दुकानात ती दारालगत उन्हात मांडलेली होती. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधले कडू घटक प्रकाशाने तुटतात आणि त्यातून गंधकाचा वास तयार होतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी कमी, आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. उष्णतेचा मार वेगळा: महिनोन्महिने गरम गोदामात राहिलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. माळव्याच्या उन्हाळ्यात हे दोन्ही होतं.

त्याच रात्री माउंट एव्हरेस्टचीच ‘स्टॉक’ नावाची लागर उघडली, तीन आठवड्यांपूर्वी भरलेली. ताज्या पावाचा वास, कडवटपणा स्वच्छ, घोट संपला की जीभ मोकळी. कारखाना याच जिल्ह्यातला, त्यामुळे बाटलीला फार प्रवास नाही. लागरसारख्या हलक्या बिअरमध्ये दोष लपायला जागाच नसते, म्हणून तिथे ताजेपणा नावापेक्षा मोठा ठरतो. बडवायझर आणि ट्यूबोर्ग यांची नावं परदेशी असली तरी आपल्या दुकानातली बाटली बहुधा भारतातच भरलेली असते. मागचं लेबल वाचलं की कळतं. ताजी मिळाली तर त्याही छान लागतात.

गव्हाच्या बिअरमध्ये मात्र मी आयातीच्या बाजूने आहे. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या एर्डिंगरमधला लवंग आणि केळ्याचा वास यीस्टमधून येतो, त्यात मसाला घातलेला नसतो. थोडी शिल्लक ठेवून बाटली हलकेच फिरवायची, म्हणजे तळाचं यीस्ट ग्लासात येतं. गेल्या आठवड्यात जीरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेल्या गरम गराडूबरोबर (तळलेल्या कंदाबरोबर) घेतली. आम्ही तिघंही काही वेळ बोललोच नाही.

आता दुकानात गेलो की म्हणतो, “भिया, शेल्फवरची नको, आतल्या पेटीतली दे.” मग दिव्याखाली धरून तारीख वाचतो.