नव्या पेठेत पीसी असेंबल करून घेतला, सात महिन्यांनी लिहितोय

एप्रिलात घेतलेल्या पीसीचा रिव्ह्यू नोव्हेंबरात लिहितोय, आळस म्हणा नाहीतर मुद्दाम म्हणा, पण पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं राव, नुसता पंखा फिरला तरी स्टेटसला टाकावंसं वाटतं. आता सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा त्याच्या अंगावरून गेलाय, त्यामुळं दुकान कसंय आणि माल कसाय हे दोन्ही नीट सांगता येईल.

दुकान नव्या पेठेत आहे, बोळातून जिना चढून वर, आणि खाली गाडीला जागा मिळाली तर तुमचं नशीब. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी पण करणारे आणि दुकानवाल्या अण्णांशी आपले संबंध चांगलेत, ते तसेच राहूदेत.

आधी मला काय पाहिजे होतं ते सांगतो. मी जॅकार्डची (मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीची) डिझाइनं करतो, चादर आणि टॉवेलची, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी. आमचे वडील कार्ड पंचिंग करायचे, पुठ्ठ्याला भोक पाडलं की धागा वर, नाही पाडलं की खाली, म्हणजे शून्य आणि एकचा धंदा आमच्या घरात कॉम्प्युटरच्या आधीपासून चालूय. खरं सांगायचं तर डिझाइनच्या कामाला फार भारी मशीन लागतच नाही. पण जुना पीसी २०१४ चा, इंटेलच्या चौथ्या जनरेशनचा आय-३ प्रोसेसर, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला इंटेलचं आठव्या जनरेशनच्या खालचं चालत नाही. त्यात धाकटा भाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला लागला, दा विंची रिझॉल्व्हवर. जुन्या मशीनवर त्यानं टाइमलाइनला हात लावला की चहा होऊन यायचा. म्हटलं दोघांत एकच चांगला घेऊ, बजेट ८० हजार, मॉनिटर जुनाच.

पहिल्यांदा दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो, तिथं ४० हजारात "आय-७ गेमिंग पीसी" लावून ठेवलेला, लाईटा अशा की गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा वाटावा. भावाचे डोळे चमकले. मी विचारलं आय-७ कितव्या जनरेशनचा, तर म्हणे आय-७ आहे ना साहेब, टॉप मॉडेल. सिस्टीम प्रॉपर्टी उघडून बघितलं तर ३७७०, म्हणजे २०१२ चा, तिसऱ्या जनरेशनचा, आमच्या घरच्या आय-३ पेक्षाही म्हातारा. नुसतं आय-५, आय-७ ऐकून पैसे देऊ नका, मॉडेलचा पूर्ण नंबर विचारा, नंबर सांगायला काचकूच करत असेल तर जिना उतरा.

अण्णांकडं गेलो ते एका कारखान्यातल्या सुपरवायझरनं सांगितलं म्हणून. आम्ही यूट्यूब बघून यादी करून नेली होती, भावाच्या अक्षरात, दोन पानं. अण्णांनी यादी घेतली, काउंटरवर उलटी ठेवली आणि म्हणाले, "मालक, हे राहूदे, काम काय करता ते सांगा." मी सांगितलं. मग भावाकडं वळून, "कॅमेरा कोणता? ८ बिटमध्ये शूट करता का १० बिट ४२२?" भाऊ गार. (हे आकडे म्हणजे व्हिडिओत रंगाची माहिती किती बारीक साठवली जाते त्याचं माप, ४२२ मध्ये ४२० पेक्षा जास्त.) त्याला ८ बिट ४२० एवढंच माहीत होतं, तेही कॅमेऱ्याच्या मेनूत वाचलेलं. अण्णा म्हणाले, ४२२ एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) फुटेज असेल तर इंटेल घ्या आणि मॉडेलच्या शेवटी एफ नसलेला घ्या, कारण एफवाल्यात ग्राफिक्स बंद असतात मग क्विक सिंक (व्हिडिओ झटपट उघडायची इंटेलची सोय) मिळत नाही, आणि एनव्हिडियाची ३० आणि ४० सिरीजची कार्डं ते फुटेज हार्डवेअरवर उघडत नाहीत. तुमचं ४२०च असेल तर एएमडीचा रायझन घ्या, पैसे वाचतील. इथंच मला माणूस पटला, कारण हे त्यांनी विकण्यासाठी विचारलं नव्हतं, दोन्ही प्रोसेसर त्यांच्या मागच्या फळीवर होतेच.

शेवटी रायझन ५ ७६०० ठरला, ६ कोअर, १७,६०० ला. स्वस्तात ५६०० पण होता पण तो एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), तो रस्ता आता संपत आलाय, एएम५ ला एएमडीनं २०२७ पर्यंत आणि पुढंही सपोर्ट देऊ म्हणून सांगितलंय, म्हणजे तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून भागेल. अडचण एवढीच की एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, जुनी रॅम काढून लावू म्हणाल तर जमत नाही. १६-१६ च्या दोन पट्ट्या घेतल्या, ८,७०० ला. एक ३२ ची नको का विचारलं तर म्हणाले दोन लावल्या की ड्युअल चॅनल चालतं, एकच लावली तर अर्धा रस्ता बंद. (मी घेतल्यानंतर रॅमचे भाव बेक्कार चढले, त्यामुळं माझे आकडे घेऊन अण्णांशी भांडू नका.)

ग्राफिक कार्डावरून मात्र दुकानात अर्धा तास आमच्या दोघा भावांचंच वाजलं. त्याला ४०६० पाहिजे होतं, नवं आहे म्हणून. ते वीज पण कमी खातं, ११५ वॅट. ३०६० जुनं, २०२१ चं, १७० वॅट खातं, पण त्यात १२ जीबी मेमरी, ४०६० ला ८. अण्णांचं म्हणणं, गेम खेळायचा असेल तर ४०६०, पण रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) टाकलं की आधी मेमरी संपते, कार्डाचा वेग नंतर. ३०६० घेतलं, २४,५०० ला. भाऊ दोन दिवस बोलला नाही. आता बोलतो.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय. आमच्या यादीत काचेचं कॅबिनेट होतं, पुढून काच, बाजूनं काच, फिश टँकसारखं, आणि आत सात लाईटवाले पंखे. अण्णांनी ते फुली मारून काढलं. म्हणाले, "मालक, ही खोली कुठंय? वरच्या मजल्यावर पत्र्याखाली? मग पुढं काच लावून हवा कुठनं घेणार?" त्याजागी पुढून जाळीवालं कॅबिनेट दिलं, दिसायला धान्याच्या चाळणीसारखं, ३,९०० ला, पुढं दोन पंखे आत ओढणारे, मागं एक बाहेर फेकणारा, जाळीला आतून धुळीचा फिल्टर. प्रोसेसरच्या डब्यात कूलर येतो तो पण लावू दिला नाही, १,९०० चा टॉवर कूलर घ्यायला लावला. डब्यातला कूलर एसीच्या ऑफिसात ठीक आहे, आपल्याकडं बाहेर ४२ आणि पत्र्याखाली काय असतं ते तुम्हालाच माहीत. आणि लाईटांचे वाचलेले पैसे घातले एसएमपीएसमध्ये (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), चांगल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ४,९०० ला. मी ६५० मागत होतो, ते म्हणाले प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट ओढणार, कार्ड १७०, बाकी सगळं धरून ३५० च्या आत, ५५० भरपूर झालं. माल विकणारा माणूस आपणहून कमी वॅटचा घ्या म्हणतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा लोकल एसएमपीएस नावावर ४५० लिहून येतो, हातात घेऊन बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो.

एप्रिल-मे मध्ये भर दुपारी भावानं रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढणं) लावला तर प्रोसेसर ८४ डिग्रीपर्यंत गेला, कार्ड ७६. या प्रोसेसरची हद्द ९५ आहे. एकदाही बंद पडला नाही. आम्हीच बंद पडून खाली झोपायला जायचो.

सगळं मिळून ७९,८०० झाले, जीएसटी धरून, असेंबलचे वेगळे पैसे नाहीत. ऑनलाइन बेरीज केली होती, तीनेक हजारानं कमी येत होती. ते तीन हजार मी अण्णांच्या प्रश्नांचे दिले असं समजतो.

असेंबल समोर करून देतात, स्टूल टाकून बसा म्हणतात. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, बारीक केसासारख्या, ते झाकण उघडल्यावर अण्णांनी मला खोकायला पण बाजूला पाठवलं. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट. दोन मिनिटं. भावानं माझ्याकडं बघितलं, मी बोर्डाकडं बघितलं, तिथं एक पिवळा लाईट लागलेला. अण्णा आरामात फोनवर कुणाशी तेलुगूत बोलत होते. मी म्हटलं अण्णा गेलं वाटतं. त्यांनी फोनवर हात ठेवला, "मालक, पहिल्यांदा रॅमची ओळख करून घेतंय, लग्न ठरल्यावर पण वेळ लागतो की." चौथ्या मिनिटाला स्क्रीन आली. हे डीडीआर५ मध्ये पहिल्या वेळी होतंच, घरी स्वतः असेंबल करणाऱ्यांनी घाबरून मधेच स्विच बंद करू नका.

आता तक्रारी. पहिली, घरी आणल्यावर मोठ्या फाइली कॉपी करताना एसएसडीचं (जिच्यात फाइली साठतात) तापमान ८० च्या घरात जायचं आणि स्पीड धपकन पडायचा. आठ दिवस आम्ही उन्हाला शिव्या घातल्या. मग भावानं बोर्डावर एसएसडीला झाकणारी पट्टी उघडली, तर आतल्या थर्मल पॅडचा (उष्णता पट्टीकडं नेणारी मऊ गादी) प्लास्टिकचा कागद तसाच! पारदर्शक, निळसर, त्यावर काढून टाका असं छापलेलं सुद्धा होतं. तो सोलून काढला, पट्टी परत बसवली, तापमान ६४ वर आलं. अण्णांना फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "पोरानं बसवलं होतं." पोरगं नव्हतं अण्णा, तुम्हीच होता, मी स्टुलावर बसून बघत होतो.

दुसरी, रॅम ६००० स्पीडची घेतली पण टास्क मॅनेजरमध्ये ४८०० दाखवत होती. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडनं चालवायची सोय, चालू करायचं राहून गेलं होतं. फोनवर सांगितलं त्यांनी, चालू करताना डिलीट दाबत राहा, मग अमुक ठिकाणी जा, झालं पाच मिनिटात. पण मी बघितलंच नसतं तर ६००० चे पैसे देऊन वर्षानुवर्षं ४८०० वर चालवत बसलो असतो. तुम्ही कुठूनही घ्या, घरी आल्यावर हे एकदा बघाच.

तिसरी सगळ्यात मोठी. एवढे प्रश्न विचारले, कॅमेरा विचारला, पत्रा विचारला, आणि यूपीएस विचारला नाही. आमच्याकडं जुना ६०० व्हीएचा, तो म्हणजे खरे ३६० वॅट. जूनमध्ये एक वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, भावाचा तीन तासांचा रेंडर शेवटच्या टप्प्यात, यूपीएसनं एक टुक केलं आणि सगळं काळं. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर सगळं एकदम जोरात चालू असताना त्याच्या ताकदीबाहेर होतं ते. पार्टी दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह न्यायला येणार होती. भाऊ रात्रभर जागला, आणि मी त्याच्याबरोबर, कारण घरातला दुसरा पंखा त्याच खोलीत आहे. आता १००० व्हीए, ६०० वॅटचा घेतला, तोही अण्णांकडूनच, आणि त्यांना बोललो पण. गप्प ऐकून घेतलं, दोनशे रुपये कमी केले.

पक्कं बिल मागावं लागलं, लगेच मिळालं नाही, आठ दिवस लागले. पण त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर टाकून दिला, हे मागून घ्याच, वॉरंटीच्या वेळी त्याचाच उपयोग. बोर्ड वायफाय नसलेला घेतला ती माझी कंजुषी, त्यात अण्णांचा दोष नाही, यूएसबीचं बोंडूक लावून चालवतोय.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार यूपीएसचा कापलाय, प्लास्टिकच्या कागदाचा अर्धा कापणार होतो पण ते फोटोवर तसं उत्तर दिलं त्यावर भाऊ अजून हसतोय म्हणून सोडला. जाणार असाल तर दुपारी दोन ते चार जाऊ नका, अण्णा जेवायला घरी जातात आणि काउंटरवर ते पोरगं असतं.