रिगली फील्डची टूर: पाटीवरचं नाव अजून शाबूत आहे

शिकागोत बेसबॉलचं एकच मैदान बघण्याइतका वेळ असेल, तर रिगली फील्ड बघा. आणि मॅचचं तिकीट हातात असलं, तरी शक्य झाल्यास मॅच नसलेल्या एखाद्या दिवशी आधी गाइडबरोबरची टूर करा. मॅचच्या दिवशी आत सगळीकडे जाता येत नाही. रिकाम्या दिवशी डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेत, उभं राहता येतं, मैदानाच्या कडेपर्यंत जाता येतं आणि आजूबाजूला कुठे काय लिहिलंय ते निवांत वाचता येतं. मला स्वतःला हे वाचणंच जास्त आवडतं. अमेरिकेतल्या मैदानांची नावं गेल्या तीस वर्षांत कंपन्यांना कशी विकली गेली, याची मला मनापासून चीड आहे. अजून न विकलेलं नाव कसं दिसतं, ते इथे बघायला मिळतं.

सुरुवात रस्त्यावरूनच करा. क्लार्क आणि अ‍ॅडिसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, मुख्य दारावर, लाल रंगाची मोठी पाटी आहे. ती १९३४ साली लावली. वर कमानीसारख्या ओळीत पांढऱ्या अक्षरांत ‘रिगली फील्ड’, खाली ‘होम ऑफ शिकागो कब्स’ (कब्स हा इथला बेसबॉल संघ), आणि त्याखाली मजकूर बदलता येतो अशी पट्टी. पाटीखाली फोटोसाठी कायम गर्दी असते. फोटो जरूर काढा, पण मग रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि तिथून बघा. एवढ्या मोठ्या पाटीवर कुठल्याही कंपनीचा लोगो नाही, हे लांबूनच नीट जाणवतं. शिकागो शहराने २००४ मध्ये मैदानाला वारसा वास्तूचा दर्जा दिला, तेव्हा जपायच्या गोष्टींत ही पाटी, भिंतीवरची वेल आणि हाताने चालवायचा स्कोअरबोर्ड हे सगळं होतं. २०२० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही मिळाला.

आत गेल्यावर सगळ्यात आधी वेल. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाच्या, विटांच्या भिंतीवर ही आयव्ही १९३७ मध्ये लावली. एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या तपकिरी काड्या दिसतील. जूनमध्ये भिंत दिसतच नाही. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, पानांच्या मागे लगेच वीट आहे, गादी वगैरे काही नाही. इथे या वेलीसाठी वेगळा नियम आहे. चेंडू पानांत अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांतले दोन, मिळतात. पण त्याने चेंडू काढायला हात घातला, तर खेळ चालूच राहतो. आपल्याकडे गल्लीत चेंडू कुंपणापलीकडे गेला की जसे त्या गल्लीचे नियम लागायचे, तसा हा या एका भिंतीचा नियम.

स्कोअरबोर्डही १९३७ चाच. आत माणसं चढून बसतात आणि आकड्यांचे पत्रे हाताने खिडक्यांत लावतात. देशभरात चाललेल्या इतर सामन्यांचे स्कोअरही तिथेच लागतात. वरच्या काठीवर कब्स खेळतात त्या नॅशनल लीगच्या संघांचे झेंडे असतात आणि त्यांचा क्रम गुणतालिकेप्रमाणे असतो. मॅच संपली की जिंकल्यास निळ्या ‘डब्ल्यू’चा पांढरा झेंडा, हरल्यास पांढऱ्या ‘एल’चा निळा. जवळून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांनाही झेंडा बघून निकाल कळतो. कब्स १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकले. मधल्या काळात निळा झेंडा किती वेळा चढला असेल, त्याचा विचार करा.

गेल्या उन्हाळ्यात मामा आले होते, त्यांना मी इथे आणलं. सगळं बघून झाल्यावर ते म्हणाले, “अगं, पण हे रिगली म्हणजे च्युइंग गमवालेच ना? मग हीसुद्धा कंपनीचीच जाहिरात झाली की.”

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याला नीट उत्तर देता आलं पाहिजे. हे मैदान १९१४ मध्ये उघडलं ते वीगमन पार्क म्हणून. चार्ल्स वीगमन या हॉटेलवाल्याने ते फेडरल लीगच्या व्हेल्स संघासाठी बांधलं. ती लीग बुडाली आणि १९१६ मध्ये कब्स इथे आले. पुढे काही वर्षं कब्स पार्क, आणि १९२६ मध्ये मालक विल्यम रिगली यांच्या आडनावावरून रिगली फील्ड. म्हणजे नाव गमच्या पाकिटावरचंच आहे, हे कबूल. सेंट लुइसचं उदाहरण तर याहून उघड आहे. १९५३ मध्ये तिथला संघ बिअर कंपनीने घेतला आणि कंपनीचे प्रमुख गसी बुश यांना मैदानाला थेट बडवायझरचं नाव द्यायचं होतं. बेसबॉल कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी ते होऊ दिलं नाही. मग बुश यांनी आडनाव दिलं, आणि १९५५ मध्ये त्याच आडनावाची बिअर बाजारात आणली. बॉस्टनचं १९१२ चं फेनवे पार्क त्या भागाच्या नावावरून आहे, पण मालकाच्या घराण्याची जमिनीच्या धंद्यातली कंपनीही फेनवे नावाचीच होती. जुनी नावं सोवळी आणि नवी ओवळी, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

फरक दुसरीकडे आहे. ही नावं मालकांनी दिली, पण मुदतीने दिली नाहीत. रिगली घराण्याने १९८१ मध्ये संघ वर्तमानपत्रवाल्या ट्रिब्यून कंपनीला विकला, २००९ मध्ये तो रिकेट्स कुटुंबाकडे गेला, आणि खुद्द गमची कंपनी २००८ मध्ये मार्स या चॉकलेट कंपनीने घेतली. एवढे मालक बदलले तरी पाटी तीच. विकलेल्या नावाचं तसं नसतं. ते भाडेकरू असतं आणि करार संपला की सामान उचलतं. मामांना हे पटलं, पण लगेच नाही. आम्ही रेड लाइन या शहरातल्या रेल्वेने दक्षिणेला गेलो, तेव्हा पटलं.

रिगलीला भेट देणाऱ्या प्रत्येकाने ही रेड लाइनची फेरी करावी असं मला वाटतं. त्याच गाडीने पुढे गेलं की शिकागोच्या दुसऱ्या संघाचं, व्हाइट सॉक्सचं, मैदान लागतं. तिथे १९१० पासून कोमिस्की पार्क होतं, तेही मालकाच्याच आडनावाचं. ते १९९१ मध्ये पाडलं आणि रस्त्यापलीकडे नवं बांधलं, नाव कोमिस्कीच ठेवून. २००३ मध्ये ६ कोटी ८० लाख डॉलरच्या करारात ते यू. एस. सेल्युलर फील्ड झालं. २०१६ च्या अखेरीस एका गृहकर्ज कंपनीचं नाव आलं, गॅरंटीड रेट फील्ड. २०२४ च्या डिसेंबरात कंपनीने स्वतःचं नाव छोटं केलं म्हणून मैदान आता नुसतं रेट फील्ड. संघाचं बरंवाईट याच्याशी कशाचाच संबंध नाही. गंमत बघायची तर स्टेशनची पाटी वाचा, तिथे ‘सॉक्स–थर्टी फिफ्थ’ लिहिलंय. रेल्वेवाल्यांना उतारूला ठिकाण कळवायचं असतं, त्यामुळे मैदानाची नावं बदलत गेली तरी त्यांची पाटी चालतेच. जुने लोक अजून कोमिस्की म्हणतात. जुन्या मैदानाची होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) जिथे होती, तिथे आता पार्किंग लॉटमध्ये एक संगमरवरी फरशी आहे. मामा तिथे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, इथे गाडी कशी लावतात गं लोक?”

नव्या बांधलेल्या मैदानाला कंपनीने नाव द्यायला माझी हरकत नाही. पैसे लावलेत, नाव लावा. पण तिथेही हा सौदा किती कच्चा असतो, ते ह्यूस्टनने दाखवलं. २००० मध्ये उघडलेलं एन्रॉन फील्ड, एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या नावाचं. तीस वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार. २००१ च्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळं काढलं, आणि ते नाव दारावरून उतरवायला संघालाच २१ लाख डॉलर मोजावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानाचं नाव २००० मध्ये पॅक बेल, २००४ मध्ये एसबीसी, २००६ मध्ये एटी अँड टी, २०१९ पासून ओरॅकल. त्याच शहरात त्याआधीच्या कँडलस्टिक पार्कचं नावही असंच दोनदा विकलं होतं. शेवटी २००४ च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून ठरवलं की चालू करार संपला की जुनं नाव परत. आणि ते परत आलं. असं मतदान घ्यावं लागतं, यावरूनच लोकांना नावाची किती चाड असते ते कळतं.

रिगलीवरही ही वेळ आली होती. २००७ मध्ये उद्योगपती सॅम झेल यांनी ट्रिब्यून कंपनी घेतली आणि २००८ च्या सुरुवातीला मैदानाचं नाव वेगळं विकण्याची भाषा केली. शहरात गदारोळ झाला आणि ते बारगळलं. तेव्हाही आणि आजही युक्तिवाद एकच, पैसा लागतो. मग हिशेबच करू. न्यूयॉर्कच्या, सिटी बँकेचं नाव लावलेल्या सिटी फील्डचा करार वर्षाला २ कोटी डॉलर, वीस वर्षं. या व्यवसायातला हा सगळ्यात गाजलेल्या सौद्यांपैकी एक. कब्सनी २०२२ च्या डिसेंबरात डॅन्सबी स्वॉन्सन या खेळाडूला सात वर्षांसाठी १७ कोटी ७० लाख डॉलर दिले, म्हणजे वर्षाला अडीच कोटी. शंभर वर्षांचं नाव विकून एका खेळाडूचा पगारही पुरता निघणार नसेल, तर त्या विक्रीला मी धंदा म्हणणार नाही.

रिकेट्स कुटुंबाने पैसा इतर ठिकाणी काढला, आणि टूरमध्ये तो पदोपदी दिसतो. अर्ध्या अब्ज डॉलरहून जास्त खर्चाची डागडुजी त्यांनी खाजगी पैशांतून केली, आणि ती भरून काढायला काय काय विकलं ते मोजत चला. बाहेरचं मोकळं आवार एका विमा कंपनीच्या नावाने गॅलाघर वे झालंय. २०१५ पासून आउटफिल्डवर व्हिडिओ बोर्ड आले, त्यांनी समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवरून दिसणारा मॅचचा नजारा अडवला म्हणून गच्चीवाले कोर्टातही गेले आणि हरले. वेलीतल्या दारांवर खेळाच्या कपड्यांची जाहिरात तर आधीच्या मालकांच्या काळात, २००७ मध्येच आली होती. यातलं प्रत्येक मला आवडतं असं नाही. वेलीच्या भिंतीवर काहीही लावू नये, या मताची मी आहे. पण दार, आवार, बोर्ड यांची नावं उद्या बदलली तरी कुणाचं काही अडत नाही. “मी आजोबांबरोबर रिगलीला गेलो होतो” हे वाक्य तसंच राहतं. दक्षिणेकडच्या मुलाला मात्र आधी सांगावं लागतं की आजोबा म्हणतात ते मैदान कुठलं.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. टूरची वेळ आदल्या आठवड्यातच बघून ठेवा, कब्स शिकागोत असतात तेव्हा वेळा बदलतात. रेड लाइनने अ‍ॅडिसनला उतरा, गाडी आणू नका, पार्किंगला पैसेही जातात आणि वेळही. मॅच बघायची असेल तर तिकीट काढताना नकाशात लोखंडी खांब कुठे येतात ते तपासा, वरचा मजला त्यांवर उभा आहे आणि मागच्या काही खुर्च्यांवरून पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दिसतच नाही. एप्रिलमध्ये जाड जाकीट घ्या, तळ्यावरून वारा येतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर जिने आणि उतार बरेच आहेत, घाई करू नका. आणि गाइडला २००८ बद्दल जरूर विचारा. सगळे वेल आणि १९०८ विचारतात, पण पाटीवरचं नाव तेव्हा कसं टिकलं हेही टूरला आलेल्यांना माहीत व्हायला हवं.